मदत केली की माणसं दुरावतात, असं का होतं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही मूळचे कराडकडचे, नोकरीसाठी साताऱ्यात खोली घेऊन राहता, पगार बेताचा. माणसाला दानत पाहिजे हे घरी लहानपणापासून ऐकलंय आणि ती रोजच्या वागण्यात यावी असं तुम्हाला मनापासून वाटतं. पण अनुभव उलटेच आले. अडचणीत असलेल्या मित्राला पैसे दिले, तो आता फोन उचलत नाही. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना घरातले बरे कपडे दिले, त्यांनी ते नेले, पण कधी घातले नाहीत, उलट बोलायच्या कमी झाल्या. स्टँडवर पाकीट मारलं म्हणून सांगणाऱ्याला पैसे दिले, तर तोच माणूस आठवड्यानं तीच कहाणी सांगताना दिसला. आणि आई म्हणते, आधी स्वतःचं बघ. मग रोजच्या जगण्यात हे जमवायचं कसं, असं विचारलंत.

मी मिरजेत एका मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक होते. आता निवृत्त आहे, सांगलीत राहते. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना काढला तेव्हापासून मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. सांगली-साताऱ्याची, कोल्हापूर-सोलापूरची, अथणी-चिकोडीकडची माणसं शेवटचा उपाय म्हणून इथं येतात. ज्याच्याकडे पैसे संपले त्याची फाइल माझ्या टेबलावर यायची. त्यामुळे मदत करणारे आणि मदत घेणारे, दोघांचेही चेहरे जवळून पाहिले.

आधी माझं निदान सांगते. तुमच्यात दानत कमी आहे असं मला अजिबात वाटत नाही. मित्र आणि मावशी या दोन प्रसंगांत घोटाळा एकच झालाय. तुम्ही दिलंत, पण देताना समोरच्याला परतफेडीची वाट ठेवली नाहीत. मित्र तुमचा देणेकरी झाला. मावशी तुम्ही उतरवलेल्या कपड्यांच्या धनी झाल्या. दोघांनाही तुमच्यापुढे ताठ मानेनं उभं राहणं अवघड झालं, आणि माणूस जिथं अवघडतो तिथं जायचं टाळतो. स्टँडवरच्या माणसाची गोष्ट निराळी आहे, तिच्याकडे नंतर येते.

यातलं बरंच परिस्थितीवर आहे, हेही आधीच सांगते. भावकीतली मदत, शेजारची मदत आणि अनोळखी माणसाची मदत यांचे कायदे वेगळे. गावात तुम्ही काय दिलंत हे चार घरांना कळतं, शहरात शेजाऱ्यालाही कळत नाही. तुम्ही वयानं लहान असताना मोठ्या माणसाला द्यायचं असेल तर आणखी जपावं लागतं. तेव्हा मी सांगते त्यातलं तुमच्या जागी बसेल तेवढंच घ्या.

आता मित्राचं. पैसे देण्याआधी मनाशी एक गोष्ट पक्की करायची असते: हे उसने आहेत की दिले? उसने असतील तर तारीख बोलून घ्यायची, हप्ता ठरवायचा आणि तसं सरळ म्हणायचं. दिले असतील तर तेही म्हणायचं, "हे परत नकोत, विषय संपला." आपण बहुतेक जण मध्येच लटकतो. तोंडानं म्हणतो, "राहू दे रे, बघू सावकाश," आणि मनात तारखा मोजतो. समोरच्याला ते कळतं. त्याच्याकडे द्यायला नसतात, नाही द्यायचे म्हणायचं तोंड नसतं, मग तो फोन घेणं बंद करतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी कुटुंबांना दवाखान्याच्या बिलाइतकाच घोर असायचा तो अशा अर्धवट बोललेल्या पैशांचा. पाहुण्यांनी दिले होते, "बघू नंतर" म्हणाले होते, आणि आता त्यांच्या घरच्या लग्नाला जावं की न जावं हे कळत नव्हतं.

तुमच्यासाठी अजून वेळ गेलेली नाही. रक्कम तुम्हाला सोडून देता येण्यासारखी असेल तर त्याला मेसेज करा की ते पैसे मी धरलेले नाहीत. लगेच त्याच्या पाठोपाठ त्याच्याकडे एखादं काम मागा. त्याची गाडी असेल तर रविवारी गावाकडून तांदळाचं पोतं आणायला मागा, त्याला मोबाईलमधलं कळत असेल तर नवा फोन घेताना सोबत बोलवा. काम खरं हवं, बनावट नको. रक्कम सोडता येण्यासारखी नसेल तर तेही स्पष्ट लिहा, "मला अमुक महिन्यात लागणार आहेत, महिन्याला थोडे थोडे चालतील का?" रोखठोक बोलण्यानं मैत्री तुटते असं लोक समजतात. मी पाहिलंय ते असं की न बोलल्यानं जास्त तुटते.

आपल्याकडे शेतात पैरा असतो, तुम्हाला सांगायला नको. आज तुमच्या भांगलणीला माझ्या घरची बाई येते, दोन दिवसांनी माझ्या वावरात तुमच्या घरची. त्यात कुणाचे कुणावर उपकार नसतात, कारण फेडायची रीत ठरलेली असते. ज्याच्याकडे बैल नाहीत तो अंगमेहनतीनं फेडतो. गरीब घरालाही पैरा करता येतो, म्हणून त्या घराची मान खाली जात नाही. शहरात आल्यावर आपण पैरा सोडला आणि नुसतं देणं शिकलो. माझ्या अनुभवात मदत टिकते ती पैऱ्यासारखी केलेली.

साताऱ्यात राहताय म्हणून हेही सांगते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, पुढे १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची. १९२७ मध्ये त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव देण्यात आलं, तेव्हा गांधीजी साताऱ्यात आले होते. पोरांच्या जेवणासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. एवढं दिलं, पण पोरांना आयतं नाही दिलं. पोरं शेतात राबायची, कामं वाटून घ्यायची, कमवा आणि शिका. गरिबाघरच्या पोराला आपण कुणाच्या दयेवर शिकलो असं आयुष्यभर वाटू नये, याची काळजी त्यात आहे. माझ्या वडिलांच्या पिढीतली रयतमध्ये शिकलेली माणसं संस्थेचं नाव निघालं की छाती काढून बोलायची, ती यामुळेच असं मला वाटतं.

मावशींच्या कपड्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ही चूक सगळीकडे होते आणि चांगल्या मनानंच होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभाग, मारुती चौक सगळं पाण्याखाली. माणसं शाळांमधून, मंगल कार्यालयांतून राहत होती. मदत इतकी आली की ट्रक उतरवायला माणसं कमी पडली. त्या ट्रकांमधून जुन्या कपड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे यायचे. मी एका शाळेतल्या छावणीत जात होते. तिथं एक बाई हातात साडी धरून बसलेली. साडी बरी होती, कुठं फाटलेली नव्हती. पण ती नेसत नव्हती. शेजारी बसून विचारलं तर हळूच म्हणाली, "ताई, साडी मिळाली, पण झंपर कुणाचा घालू? आणि परकर?" सबंध ट्रकमध्ये मापाचा झंपर निघणं शक्यच नव्हतं. अंगावरचा ओला होता, तोच वाळवून ती पुन्हा घालत होती. आम्ही तिथल्या तिथं पाच-सहा जणींकडून पैसे काढले, विश्रामबागेतल्या एका दुकानातून परकर, तयार झंपर, आतले कपडे आणि पॅड आणले. सगळ्यात आधी संपलं ते तेच. पाणी ओसरल्यावर लोकांना लागले ते खराटे, फावडी, फिनेल, ब्लीचिंग पावडर आणि चिखलात गेलेली मोटर भरून देणारा कारागीर. आणि चौकाचौकात जुन्या कपड्यांचे ढीग पावसात कुजत पडले होते.

देणाऱ्यांचं मन वाईट होतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी आपल्या कपाटाकडे पाहून दिलं, त्या बाईकडे पाहून नाही.

तर मावशींना विचारा. पण "तुम्हाला काय पाहिजे?" असं विचारू नका, मोघम विचारलं की माणूस "काही नको" म्हणतो. दोन-तीन नेमक्या गोष्टी पुढं ठेवा. "मावशी, जूनमध्ये पोरांच्या वह्या घेऊ का, की दिवाळीला एक नवी साडी, की तेवढे पैसेच देऊ?" नको म्हणायला जागा ठेवा आणि नको म्हणाल्या तर मनाला लावून घेऊ नका. जुनं द्यायचंच असेल तर धुऊन, इस्त्री करून, बटण तुटलं असेल तर लावून द्या, आणि आधी विचारा. त्याहून एक पायरी वरची गोष्ट सांगू? त्यांचा पगार वेळेवर, ठरल्या तारखेला द्या, महिन्याच्या चार सुट्ट्या हक्काच्या द्या, आजारी पडल्या तर पैसे कापू नका. तुम्ही विचाराल यात दानत कुठं आली? माझ्या टेबलापलीकडे बसणाऱ्या घरकामाच्या बायकांना जुन्या साड्या देणाऱ्या मालकिणी पुष्कळ होत्या, ऑपरेशनला गेल्यावर महिन्याचा पगार देणारी मात्र शोधावी लागायची.

पैसे नसताना काय देता येतं, यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण तुमचा पगार बेताचा आहे आणि तुम्ही शिकलेले आहात. दवाखान्यात खिडकीपुढं उभा असलेला माणूस डोळ्यापुढं आणा. जत तालुक्यातला, पायात झिजलेली चप्पल, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रिपोर्ट, रेशनकार्ड, आधार सगळं एकत्र. खिडकीतून आवाज येतो, "झेरॉक्स आणा." त्याला कशाची झेरॉक्स ते कळलेलं नसतं आणि परत विचारायची भीती वाटते. तो बाजूला होऊन भिंतीला टेकतो. मागचे चार जण पुढं सरकतात. अशा वेळी शेजारच्या रांगेतल्या कुणीतरी पिशवी उघडायला लावून, "काका, हे रेशनकार्ड, याच्या दोन प्रती, कोपऱ्यावर दुकान आहे, तुमचा नंबर मी धरतो," एवढं म्हटलं तर त्याचा अख्खा दिवस वाचतो. मी असं पाहिलंय की त्या दिवशी अ‍ॅडमिशन झाली नाही म्हणून माणूस पेशंटला घेऊन गावी परत गेला.

यासाठी थोडी माहिती डोक्यात असू द्या. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे, पिवळं-केशरीच नव्हे, पांढरंही चालतं. योजनेत असलेल्या रुग्णालयात, यादीतल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि तिथं आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, पहिल्यांदा त्याला गाठायचं. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. ज्यांना याची सगळ्यात जास्त गरज असते त्यांनाच हे कुणी सांगितलेलं नसतं. ऑपरेशन झाल्यावर कळतं, तोवर रान गहाण पडलेलं असतं. तुमच्या कंपनीत कंत्राटी कामगार असतील, त्यांच्या घरी कुणी आजारी पडलं की एवढं एक वाक्य तुम्ही वेळेत सांगितलंत तरी ती हजारो रुपयांची मदत आहे, आणि घेणाऱ्यावर उपकारही होत नाहीत.

तसंच रक्त. पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी देता येतं. कुणाला दिलं हे तुम्हाला कळत नाही, कुणाचं घेतलं हे त्याला कळत नाही. मला हे फार आवडतं.

आणि तुम्ही महामार्गाच्या गावात राहता म्हणून अपघाताचं सांगते. खंबाटकीपासून कराडपर्यंत अपघात झाला की गाड्या हळू होतात, माणसं बघतात आणि पोलिसांचं झंझट नको म्हणून पुढं जातात. ही भीती आता धरायचं कारण नाही. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून केलेल्या नियमांना सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये बळ दिलं आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातच १३४अ हे कलम आलं. तुम्हाला नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, दवाखान्यात पोहोचवलंत तर तिथं थांबवून ठेवता येत नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. १०८ ला फोन लावा, नेमकी जागा सांगा, मानेला मार असेल असं वाटलं तर हलवू नका, गर्दी मागं सारा. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्या माणसाशी बोलत राहिलात तरी पुष्कळ आहे.

आता स्टँडवरचा माणूस. फसवलं जाण्याचं दुःख पैशांपेक्षा जास्त होतं, हे मला मान्य आहे. माझी रीत अशी. पगार झाला की घरभाडं, घरी पाठवायचे, बचत हे बाजूला काढायचं. तुमच्या आईचं म्हणणं बरोबर आहे, ते मोडू नका, कर्ज काढून कुणी दानशूर होऊ नये. उरलेल्यातून एक लहान रक्कम वेगळ्या डब्यात टाकायची, ती गेली असं धरूनच. त्या डब्यातून देताना चौकशी करायची नाही. डबा रिकामा झाला की पुढच्या महिन्यापर्यंत शांतपणे "आज जमणार नाही" म्हणायचं. रक्कम लहान असली की फसलो तरी मनात कडवटपणा राहत नाही. हा कडवटपणाच वाईट, कारण एका लबाडामुळं पुढचे दहा खरे गरजू आपल्याला लबाड दिसू लागतात. गावी जायचंय म्हणणाऱ्याला शक्य असेल तर त्या गाडीचं तिकीट काढून द्या, भुकेला असेल तर वडापाव घेऊन द्या आणि आपणही शेजारी उभं राहून एक खा. लहान मुलांच्या हातात पैसे देऊ नका, ते पैसे मुलाजवळ राहतीलच असं नाही. मूल एकटं, हरवलेलं किंवा कुणाच्या दाबाखाली दिसलं तर १०९८ ला कळवा. आणि फोनवर ओळखीच्या माणसाच्या नावानं "अर्जंट पैसे पाठव" आलं तर आधी त्या माणसाला स्वतः फोन करा. अशी खात्री करून घेण्यात कसलाही दुष्टपणा नाही.

घेणं शिका, हेही मला सांगायचंय. तुमच्या प्रश्नात तुम्ही काय काय दिलंत ते आहे, कुणाकडून काय घेतलंत याचा एक शब्द नाही. मावशींनी संक्रांतीला तिळाची पोळी आणली तर "कशाला त्रास घेतला" म्हणू नका. तिथंच तुकडा मोडून खा, कशी केली ते विचारा. आषाढीला माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करते, तेव्हा एकदा जाऊन पाहा. दारात पिठलं-भाकरी वाढणारी म्हातारी जेवून उठलेल्या वारकऱ्याच्या पाया पडते, तो तिच्या पाया पडतो, आणि कोण कुणाला काय देतंय हे सांगता येत नाही. ती म्हातारी तुमच्या-माझ्यापेक्षा गरीब असते. वर्षभर ती कुणाच्या तरी बांधावर राबते, त्या दिवशी मात्र देणारी असते. द्यायला मिळणं ही माणसाची भूक आहे, ती फक्त आपल्यालाच असते असं धरू नका.

एक इशारा देते, कारण माझ्या क्षेत्रात हे फार पाहिलं. दिवसभर परक्यांशी गोड बोलणारा माणूस घरी येऊन आईवर खेकसतो. तुम्ही आईला रोज फोन करता का, तिचं ऐकून घेता का, हे मला माहीत नाही. पण थकलेल्या दिवशी बाहेरच्या चार माणसांना मदत करण्यापेक्षा घरच्या एका माणसाचं शांतपणे ऐकणं जास्त कठीण असतं, आणि मी ते आधी धरीन.

सुरुवात कुठून करू, असं शेवटी विचारलंत. दिवाळीनंतर साताऱ्याच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, बीडकडच्या. रस्त्याकडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. त्यांना लागतं ते पिण्याचं पाणी, मोबाईल चार्ज करायला एक बोर्ड, आणि बायकांना अंधारात लांब जावं लागू नये अशी संडासाची सोय. तुमच्या घरमालकांशी बोलून यातलं एखादं जमतंय का पाहा. पहाटे अंधारात निघणाऱ्या त्यांच्या बैलगाड्या मागून येणाऱ्या गाडीला दिसत नाहीत, त्यासाठी चकाकणाऱ्या पट्ट्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळतात. मागं लाल, पुढं पांढरी. आधी मुकादमाला विचारा, आणि लावायला त्याच गाडीवानाचा हात घ्या, कुठं लावली तर उसाच्या मोळीखाली झाकली जाणार नाही हे त्यालाच नीट माहीत असतं.